सहाशे चाळीस

सात पाकळ्या मोजून झाल्यावर तिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या, कारण पाच म्हणजेसुद्धा जरा जास्तच, सहा म्हणजे नवल, आणि सात तिने सव्वीस वर्षांच्या नोकरीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा पाहिल्या होत्या. पांढऱ्या पेशीच्या पोटातलं ते जांभळं केंद्रक नेहमी तीन-चार पाकळ्यांचं असतं, पाकळ्यांमध्ये बारीक दोरे, झालं. इथे सात होत्या. तिने मायक्रोस्कोपखालची, तेलाचा थेंब लावलेली काच हळूच सरकवली. पुढच्या पेशीत सहा. तिच्या पुढच्या पेशीत पुन्हा सहा. आजूबाजूच्या तांबड्या पेशी गोल असायच्या त्या लांबट, फुगलेल्या, नको तेवढ्या मोठ्या, आणि मोठ्या असूनही मोजक्याच. शनिवारची दुपार होती. सकाळची उपाशीपोटी आलेली गर्दी केव्हाच नाश्त्याला निघून गेली होती, आणि लॅबच्या मागच्या खोलीत मोठ्या डॉक्टरांची शाळा भरली होती. या डॉक्टरांना सगळे पाठीमागे भिंगवाले म्हणत आणि पुढ्यात सर. मशीन्स आली, आकडे भराभर छापून यायला लागले, तरी सरांनी शनिवारची ही रीत सोडली नव्हती. आठवड्याच्या पेटीतून कुठलीतरी एक काच उचलायची, नाव-नंबरावर कागदी पट्टी चिकटवायची, आणि विचारायचं. माणूस माहीत असला की डोळा आळशी होतो, असं त्यांचं म्हणणं. काचेत काय दिसतं ते सांगितलं की त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला असे. ‘आता या रक्ताचा माणूस कसा असेल, ते सांगा.’

‘बोला,’ सर म्हणाले.

‘बी-बारा नाहीये यांच्यात,’ ती म्हणाली. ‘कमी म्हणत नाही मी सर. टाकीचा तळ दिसायला लागलाय.’

‘माणूस?’

हा प्रश्न तिच्या आवडीचा. ती भिंगातून डोळा न काढता सांगत गेली. ‘सत्तरीच्या पुढचा. चेहरा पिवळट. जीभ लाल, गुळगुळीत, त्यामुळे जेवणावरून मन उडालेलं. पाय आपटत चालत असणार, पायाखाली काय आहे ते कळत नाही म्हणून. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जात असेल. विसरत असेल. चिडत असेल, नाहीतर एकदम गप्प झाला असेल. आणि घरचे म्हणत असतील, वय झालं आता, चालायचंच.’ मागे उभी असलेली नवीन मुलगी हसली, सरही खूश होऊन हसले. तिने नखाने पट्टी सोलली. खाली तिच्याच वळणदार अक्षरात तिच्या बाबांचं नाव होतं.

पहिल्यांदा तिला राग आला, तोही पट्टीचा. मग वाटलं, काचा बदलल्या असतील. पण काच तिनेच परवा केली होती. एक तारखेपासून बाबांना गावाबाहेरच्या त्या वृद्धनिवासात ठेवायचं ठरलं होतं, आणि तिथल्या फॉर्मवर साध्या रक्ततपासणीचा एक रकाना होता म्हणून बोटाएवढ्या दोन नळ्या भरून आणल्या होत्या. ‘माझे वडील आहेत,’ ती म्हणाली. सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. ‘मला माहीत नव्हतं.’ ‘पण सर, यांचं बी-बारा झालंय. सात महिन्यांपूर्वी. मीच केलं होतं. सहाशे चाळीस आलं होतं.’ सरांनी तिला बाजूला करून स्वतः भिंगाला डोळा लावला. काच या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली. मग ते म्हणाले, ‘दोघांतलं एक कुणीतरी खोटं बोलतंय. आणि पेशीला काही ते जमत नाही.’

बाबा लिफ्ट दुरुस्त करत. एकेचाळीस वर्षं. लिफ्ट मजल्याला बरोबर लागली की नाही हे डोळ्यांना विचारायचं नाही, तळव्यांना विचारायचं, असं ते नवीन आलेल्या मेकॅनिकला सांगत, आणि घरी आल्यावर आईला सांगत, आणि आई म्हणे, ‘अहो, मग तळव्यांना जरा डोळेही द्या, चिखल घेऊन आलात घरभर.’ ती सात-आठ वर्षांची असताना ते तिला एकदा एका उंच इमारतीत घेऊन गेले होते. दोघं लिफ्टमध्ये उभे राहिले, तिने डोळे गच्च मिटले, दार उघडण्याआधी ते म्हणाले, ‘सांग, वर थांबलीय की खाली?’ ती म्हणाली, ‘बरोब्बर थांबलीय.’ ‘अर्धं बोट खाली,’ बाबा म्हणाले, आणि दार उघडलं तर खरंच उंबऱ्याच्या खाली अर्ध्या बोटाची फट होती. तिला आजही त्या फटीचा रंग आठवतो. माणसाला पायांनी असं काही कळू शकतं याचं जे आश्चर्य तिला त्या दिवशी वाटलं होतं, ते पुढे फार कमी गोष्टींचं वाटलं. आणि याच माणसाने सव्वा वर्षापूर्वी एका सकाळी पलंगावरून उतरताना म्हटलं, ‘जमीन कापसाची झालीय गं.’ सगळे हसले. मग त्यांच्या पायातली चप्पल वाटेत निघून पडायची आणि ते एका पायात चप्पल घालून दुकानापर्यंत जाऊन यायचे. चेहऱ्याला साबण लावून डोळे मिटले आणि बेसिनवर आपटले. मग वस्तूंची नावं गेली. नळाला ‘ते पाण्याचं’ म्हणायचे. आपले नटबोल्ट आवळायचे पाने चोरीला गेले म्हणून पंधरा दिवस घर डोक्यावर घेतलं, खालच्या मजल्यावरच्या भल्या माणसावर आळ घेतला. आणि मग एकदम गप्प झाले. चिडणं परवडलं होतं. हे गप्प बसणं असं होतं की खोलीत शिरल्यावर माणूस आत आहे की नाही हेच कळायचं नाही.

मेंदूच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, ‘आधी एवढं बी-बारा बघून घ्या. ते कमी निघालं तर सुटलो, इंजेक्शनं देऊ, माणूस परत येतो.’ काखेत कळसा, तिला कुठे लांब जायचं होतं? दुसऱ्या दिवशी कामावर निघताना तिनेच चहानंतर बाबांच्या दंडाला पट्टा आवळला, तिनेच रक्त घेतलं, स्वतःच्या डब्यातून नळी लॅबमध्ये नेली, आपल्या हाताने मशीनमध्ये लावली. बाकीच्या तपासण्या केल्या नाहीत, म्हाताऱ्या माणसाचं उगाच किती रक्त काढायचं. आकडा आला तेव्हा तिच्या मनात दोन गोष्टी एकदम झाल्या. आशा विझली. आणि कुठेतरी, सांगायला लाज वाटावी असा, थोडा अभिमानही वाटला, की आपल्या घरात खाण्यापिण्याची आबाळ नाही. डॉक्टरांनी कागदावर नजर टाकली, ‘मग हा रस्ता बंद,’ म्हणाले, आणि हळूहळू सगळं पुसून नेणाऱ्या त्या आजाराचं नाव लिहिलं. घरी आल्यावर तिने सांगितलं, ‘आई, व्हिटॅमिन चांगलं आहे त्यांचं.’ आई भाजी निवडत होती. ‘चांगलं आहे तर मग बिघडलंय कुठे?’ असं आईने विचारलं होतं, आणि लेकीला त्या प्रश्नाचा कंटाळा आला होता. ज्यांना यातलं कळत नाही त्यांचे प्रश्न असेच असतात, असं तिला वाटलं होतं.

आता ती लॅबच्या काउंटरपाशी येऊन उभी होती, आणि समोर काचेवर तिनेच चिकटवलेला कागद होता. केसांच्या व नखांच्या गोळ्या घेत असल्यास तीन दिवस बंद ठेवून मगच रक्त द्यावे. दिवसातून चाळीस वेळा ती हे तोंडाने विचारत असे. बायकांना विचारत असे, तरुण पोरांना विचारत असे, कारण त्या गोळ्यांतलं जे व्हिटॅमिन, बायोटिन, तेच या मशीनच्या पोटात कामाला असतं. एक पदार्थ बायोटिनला असा घट्ट पकडतो की एकदा धरलं की सुटत नाही, आणि मशीनचा सगळा कारभार या पकडीच्या जिवावर. रक्तात गोळ्यांचं बायोटिन भरपूर असलं की ते आधीच जागा अडवून बसतं, मशीनची स्वतःची जोडी जुळत नाही, आणि ज्या उजेडावरून मशीन मोजतं तो उजेड कमी पडतो. आणि उजेड कमी म्हणजे बी-बारा जास्त, असा त्या मशीनचा सरळ हिशोब. मशीनचं काही चुकत नाही. एका व्हिटॅमिनच्या मागे दुसरं नसलेलं व्हिटॅमिन लपून बसतं, इतकंच. हे सगळं तिला तोंडपाठ होतं, नवीन आलेल्या मुलीला तिनेच फळ्यावर काढून दाखवलं होतं. आणि चाळिशीनंतर केस पुंजक्यांनी गळायला लागले म्हणून त्या गोळ्या ती स्वतः घेत होती. बाबा अशक्त दिसायला लागल्यावर, ‘त्यांनाही देत जा एक, व्हिटॅमिनच आहे, वाईट काय होणार आहे,’ असं आई म्हणाली आणि तिला ते पटलं. रोज सकाळी चहाबरोबर एक. तेव्हा बाबांना अजून थट्टा करता येत होती. टकलावर हात फिरवून त्यांनी विचारलं होतं, ‘म्हणजे मला आता कंगवा आणावा लागणार की काय?’ आईला हसून हसून ठसका लागला होता. आणि टक्कल पडलेल्या माणसाला, तुम्ही केसांच्या गोळ्या घेता का, असं जगात कोण विचारेल?

परवाच्या दुसऱ्या नळीतलं उरलेलं सीरम, पेशी खाली बसल्यावर वर राहणारं पाणी, फ्रीजमध्ये होतं. समोरच्या रस्त्यापलीकडच्या लॅबचं मशीन वेगळ्या तऱ्हेचं, त्याला बायोटिनशी देणंघेणं नव्हतं. तिने नळी मुठीत धरली आणि रस्ता ओलांडला. मुठीत काय होतं? अर्धा चमचा पिवळं पाणी. दुपारच्या उन्हात माणसं आपापल्या कामाने चालली होती, एक बाई पोराला ओढत नेत होती, एक माणूस फोनवर कुणालातरी रागावत होता, आणि ती त्या सगळ्यांच्या पायांकडे बघत होती. किती सहज पडत होती पावलं! कुणी खाली बघत नव्हतं. प्रत्येकाच्या तळव्यापासून पाठीच्या कण्यातून वरपर्यंत बातमी चालली होती, इथे दगड, इथे उतार, इथे पायरी, आणि कुणालाही त्याची खबर नव्हती. आणि हे सारं चालतं ते दिवसाला एका ग्रॅमच्या दहा लाख भागांतल्या दोन-अडीच भागांवर. अख्ख्या शरीराचा साठा काढला तरी चिमूटभर मिठाच्या शंभराव्या हिश्श्याएवढा भरेल. तेवढ्याशावर माणूस वर्षानुवर्षं काढतो. झाडाला ते बनवता येत नाही, जनावराला येत नाही, माणसाला तर नाहीच नाही. मातीतले, पोटातले, डोळ्याला न दिसणारे जंतू ते बनवतात, कुणासाठी म्हणून नाही, आपलं आपलं बनवतात. मग ते अन्नातून येतं, जठर त्याच्या सोबतीला एक वाटाड्या देतं, वाटाड्या त्याला घेऊन वीस फूट आतड्याच्या शेवटाशी जातो, आणि तिथल्या एका छोट्याशा पट्ट्यातच त्याला आत घेतलं जातं. बाबांच्या जठराने केव्हातरी वाटाडे पाठवणं बंद केलं असणार. कुणाला सांगितलं नाही, पोट दुखलं नाही, ताप आला नाही. साठा संपेपर्यंत काही वर्षं गेली, आणि मग एका सकाळी जमीन कापसाची झाली. हे तिने पुस्तकात कितीदा वाचलं होतं. रस्त्याच्या मधोमध तिला ते पहिल्यांदा खरं वाटलं.

तिथली टेक्निशियन तिला फक्त फोनवरच्या भांडणांतून माहीत होती. बारीक, तुटक बोलणारी. ‘कुणाचं आहे?’ ‘माझ्या वडिलांचं.’ पुढे काही न विचारता तिने नळी लावली. चाळीस मिनिटं लागणार होती. बसायला म्हणून ती पेशंटच्या खुर्चीत बसली आणि लक्षात आलं की या खुर्चीत आपण कधी बसलेलो नाही. इथून काउंटर फार उंच दिसतं. आतल्या माणसाच्या नुसत्या हनुवटीवरून आपलं काय झालंय ते ओळखायचा प्रयत्न करावा लागतो. तिने आजवर किती माणसांना असं बसवून ठेवलं असेल! आणि कितीजणांच्या हातात एक छापील आकडा देऊन एखादा रस्ता बंद केला असेल! मग तुटक बोलणारी बाई स्वतः काउंटरच्या बाहेर आली. ‘अठ्ठ्याऐंशी,’ ती म्हणाली. ‘दोनदा लावलं. दोनशेच्या वर पाहिजे.’ आणि तिला आनंद झाला. आधी आनंदच झाला, खोटं कशाला सांगा. एवढा, की तिने त्या अनोळखी बाईचे दोन्ही हात धरले. मग मागून दुसरी गोष्ट आली, आणि ती तशीच हात धरून उभी राहिली.

कारण चार महिन्यांपूर्वी आई गेली होती. छातीत कफ झाला, आठ दिवस हॉस्पिटलात होती, तेवढंच. ती रोज बाबांना आईच्या पलंगापाशी खुर्ची टाकून बसवत असे, त्यांचा हात आईच्या हातावर ठेवत असे. ठेवला की तो हात तिथेच राहायचा. तिसऱ्या दिवशी बाबांनी नर्सला सभ्यपणे विचारलं होतं, ‘या बाई कोण?’ नर्स गडबडली. आई डोळे मिटून पडली होती ती म्हणाली, ‘शेजारची आहे मी. बसा तुम्ही, घाई नाहीये ना?’ बाबा म्हणाले, ‘नाही, घाई कसली.’ आणि बसून राहिले. आईने तिच्याकडे बघून बारीकसं स्मित केलं होतं, जणू दोघींनी मिळून कुणाचीतरी गंमत केलीय. तेव्हा बाबांच्या त्या रिपोर्टला तीन महिने झाले होते. तीन महिने इंजेक्शनं मिळाली असती तर त्या खुर्चीत कोण बसलं असतं, हा हिशोब करायला मशीन लागत नव्हतं. पन्नास वर्षं जिने त्यांच्या चिखलाच्या पावलांवरून भांडण केलं, तिचा निरोप त्यांनी शेजारच्या बाईसारखा घेतला होता.

सरांनी लगेच चिठ्ठी लिहून दिली. मागच्या वर्षभरातले असे किती आकडे असतील ते सोमवारपासून काढायचं, असंही ठरलं, आणि ते काम त्यांनी तिच्याकडेच दिलं. संध्याकाळी भाऊ आला. तो थोरला, सरळमार्गी, वृद्धनिवासाची जागा त्यानेच खटपट करून मिळवलेली. ओट्यावरची गोळ्यांची बाटली उचलून त्याने ती उजेडात फिरवून बघितली.

‘ह्याच्यामुळे?’

‘ह्याच्यामुळे आजार नाही झाला, दादा. ह्याच्यामुळे तो दिसला नाही.’

‘पण तेव्हाचा रिपोर्ट तूच केला होतास ना?’ त्याने ते टोचून विचारलं नव्हतं. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. ‘मीच,’ ती म्हणाली. त्याने बाटली परत ओट्यावर ठेवली. मग म्हणाला, ‘आईला सांगायला हवं होतं गं हे. तिला कधी पटलंच नव्हतं.’ जागा त्याने सोडली नाही. महिनाभर राखून ठेवायला सांगितली, तो स्वभावच त्याचा.

खालच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पहिलं इंजेक्शन भरलं तेव्हा बाबा त्या सिरिंजकडे बघत राहिले. हे एक व्हिटॅमिन असं आहे की ते लाल असतं, कुठला रंग घालावा लागत नाही, त्याच्या पोटातल्या धातूच्या एका कणाचाच तो प्रताप. खिडकीतून येणाऱ्या उन्हात ते लाल पेटल्यासारखं दिसलं आणि मग दंडात नाहीसं झालं. बाबांनी हूं की चूं केलं नाही. रोज एक, सात दिवस. पहिले चार दिवस ती डोळ्यात तेल घालून त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसतं का ते बघत होती, आणि चेहरा पुसलेल्या पाटीसारखा कोरा होता. पाचव्या दिवशी सकाळी तिने त्यांच्या बोटातून एक थेंब घेतला, लॅबमध्ये जाऊन निळ्या रंगात मिसळला, काचेवर पसरला, आणि भिंगाला डोळा लावला.

नवीन तांबडी पेशी हाडांतून रक्तात उतरते तेव्हा पहिला दिवस-दीड दिवस तिच्या पोटात निळ्या धाग्यांची एक बारीक जाळी दिसते. मग ती विरून जाते. निरोगी माणसात शंभरात अशी एखादी सापडते, शोधावी लागते. तिने शोधायला सुरुवात केली, आणि शोधावंच लागलं नाही. एक दिसली, तिच्याजवळ दुसरी, कडेला तीन एका ओळीत. तिने काच सरकवली. तिथेही. काही इतक्या कोवळ्या की जाळी दाट, काहींची विरत आलेली. ती सवयीने मोजायला लागली आणि दहात दोन आल्यावर तिची मोजदाद थांबली. तिच्या बाबांच्या हाडांच्या आत, जिथे वर्षभर कच्चा माल नाही म्हणून अर्धवट पेशी फुगून फुगून मरत होत्या, तिथे माल पोचला होता. आणि तिथल्यांनी कुणी विचारलं नव्हतं की इतके दिवस कुठे होतात, उशीर का झाला, चूक कुणाची. काही नाही. मिळालं त्या घटकेपासून कामाला लागले होते. घरी खुर्चीत बसलेला तो कोरा माणूस, आणि त्याच्या आत ही एवढी गजबज! तिला वाटलं, आपण आजवर बाबांना बघितलंच नव्हतं. कुणालाच बघितलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि भिंगातलं सगळं निळं एक झालं. तिच्या खांद्यावर हात पडला तो सरांचा. तिने उठून जागा दिली. ते खूप वेळ वाकून बघत राहिले, एवढा वेळ की त्यांची पाठ दुखायला लागली असणार. ‘चाळीस वर्षं बघतोय,’ ते म्हणाले. ‘सवय होत नाही.’

बाबांच्या तोंडून पहिला शब्द आला तो तक्रारीचा. दुसऱ्या आठवड्यात जेवताना त्यांनी घास थांबवला आणि म्हणाले, ‘मीठ नाही यात.’ मीठ होतं, पण तिने धावत जाऊन आणखी आणलं, एखाद्या पाहुण्याला द्यावं तसं दिलं. मग ते खिडकीशी उभे राहून खालच्या माणसांना नावं ठेवायला लागले. नळाला नळ म्हणाले. एके दिवशी भावाला फोनवर म्हणाले, ‘तू मला कुठेतरी ठेवणार होतास म्हणे?’ आणि भाऊ पलीकडे रडला की हसला ते तिला कळलं नाही, जागा मात्र त्याने त्याच दिवशी सोडून दिली. रोज काहीतरी परत येत होतं, आणि रोज तिला आधी नवल वाटे आणि मग भीती. नवल याचं की एवढा मोठा माणूस, त्याच्या थट्टा, त्याचा हट्ट, त्याची एकेचाळीस वर्षांची कारागिरी, हे सगळं कुठे गेलंच नव्हतं. आतच होतं, एका लाल कणासाठी अडून बसलेलं. सगळंच परत आलं नाही. डावा तळवा कापसाचाच राहिला. मेंदूच्या डॉक्टरांनी सुई टोचून बघितली आणि म्हणाले, ‘नस जास्त दिवस उपाशी राहिली की एवढं राहून जातं. काही महिने आधी कळलं असतं तर...’ त्यांनी वाक्य सोडून दिलं. ते तिने घरी येईपर्यंत मनातल्या मनात पुरं केलं. आणि भीती एकाच गोष्टीची होती. ती गोष्ट बाबांच्या वाटेवर होती, आणि ते रोज एकेक पाऊल तिच्या जवळ येत होते.

ते एका रविवारी दुपारी झालं. ती पलंगावर वाळलेले कपडे घड्या करत बसली होती. बाबा दारात येऊन उभे राहिले, चौकटीला हात धरून, डावा पाय जरा उचलून. बराच वेळ ते त्या कपड्यांकडे बघत होते. त्यात त्यांचे कपडे होते, तिचे होते.

‘तुझ्या आईला जाऊन किती दिवस झाले?’

तिच्या हातातली घडी तशीच राहिली. ‘साडेपाच महिने, बाबा.’

‘मला कुणी सांगितलं नाही.’

‘तुम्ही होतात तिथे. आठही दिवस होतात. तिचा हात धरून बसला होतात.’

ते आत आले आणि पलंगाच्या कडेला बसले. आपले दोन्ही हात उलटसुलट करून त्यांनी बघितले, यांतला कुठला होता ते ओळखायचं असल्यासारखे. मग त्यांनी मान वर केली. ‘मी ओळखलं का तिला?’

हो म्हणायचं, एवढंच होतं. नर्स काही येऊन सांगणार नव्हती, आई तर नाहीच. हो बाबा, ओळखलंत, नावाने हाक मारलीत, असं तिने म्हटलं असतं तर त्या चेहऱ्यावर काय उमटलं असतं ते तिला बसल्या जागी दिसत होतं, आणि ते तिला त्यांना द्यायचं होतं. फार द्यायचं होतं. त्या चेहऱ्यावर आता प्रत्येक गोष्ट उमटत होती.

‘नाही,’ ती म्हणाली.

बाबांचा चेहरा आधी काहीच न झाल्यासारखा राहिला, आणि मग मोडला. त्यांनी रडू लपवलं नाही. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखे ते रडले. साडेपाच महिने उशिरा, पण ज्याची बायको गेलीय त्या माणसासारखे रडले. तिला त्यांच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण आपल्याला तो हक्क आहे का, असं वाटून ती नुसती शेजारी बसून राहिली. एवढं दुःख त्यांना आता करता येत होतं! हेही त्या लाल थेंबांनीच दिलं होतं, आणि असं काही देणाऱ्या गोष्टीपुढे हात जोडावेत की तिच्यापासून पळून जावं, हे तिला कळेना. बऱ्याच वेळाने त्यांनी घड्या केलेला एक टॉवेल उचलला, तोंड पुसलं.

‘सांग मला,’ ते म्हणाले. ‘सगळं सांग. पहिल्यापासून. आणि काही गाळू नकोस.’

आईला ताप आला त्या संध्याकाळपासून सुरुवात करायची, असं तिने योजलं होतं. तोंड उघडलं तेव्हा ती म्हणाली, ‘बाबा, मी तुम्हाला रोज सकाळी चहाबरोबर एक गोळी द्यायचे.’ मग तिने कशाची गोळी ते सांगितलं, रक्त कधी घेतलं ते सांगितलं, आकडा सांगितला, तो कुणी काढला ते सांगितलं. मध्येच थांबून तिने त्यांच्याकडे बघितलं. तिच्यासमोर बसलेला माणूस सगळाच्या सगळा तिथे होता, आणि ऐकत होता.